काटेवाल्याची गाडी

त्याला सगळे काटेवाला म्हणत. जिथे डोंगराची चढण सुरू होते, तिथे हमरस्त्याच्या कडेला एक मोठा वजनकाटा होता. मालाचे ट्रक त्यावर येऊन उभे राहायचे, आतल्या खोलीत आकडा उमटायचा आणि खिडकीत बसलेला हा माणूस तो मोठ्याने सांगायचा. नोकरी एवढीच. पण त्याचा रुबाब बघितला, तर वाटावं की पृथ्वीचा तोल याच्याच खिडकीतून सांभाळला जातोय.

ट्रकवाले काही कमी नसतात. जास्त भरलेला माल कमी दाखवायचा असला की एक चाक हळूच काट्याबाहेर ठेवतात. भंगारवाल्यांचं उलटं. त्यांना वजन वाढवून हवं असतं, मग सीटखाली दगड निघतात, नाहीतर शिसं. काटेवाल्याने सगळ्यांना पकडलं. रात्री जेवताना तो बायकोला एकेकाची गंमत सांगायचा आणि शेवटी ठरलेलं वाक्य म्हणायचा, "माझ्या डोळ्यांत धूळ फेकणारा अजून जन्माला यायचाय."

"जन्मला असेल हो, तुम्हाला पत्ता लागला नसेल," बायको म्हणायची आणि ताट उचलायची.

बायको मधमाश्या पाळायची. घरामागच्या अंगणात तिच्या लाकडी पेट्या रांगेने मांडलेल्या होत्या. उन्हाळ्यात खालचा मुलूख करपला की माश्यांना खायला काही उरत नाही. तेव्हा डोंगरावरच्या कुरणात फुलं येतात. म्हणून दर उन्हाळ्यात एक भाड्याचा ट्रकवाला पेट्या वर नेऊन ठेवायचा आणि फुलोरा संपला की भरलेल्या पेट्या खाली आणायचा. बायको माश्यांना पोरी म्हणायची. "माझ्या पोरी दर वर्षी डोंगर बघून येतात आणि मी इथे बसून त्यांना विचारते, कसा होता गं," असं ती हसून सांगे. हसून सांगितलेलं गाऱ्हाणं नवऱ्यांना ऐकू येत नाही. याला ते निवृत्त झाल्यावर ऐकू आलं. त्याच्या मानाने लवकरच म्हणायचं.

वर राहायला घर नव्हतं, खोली नव्हती, नुसतं कुरण आणि वारा. तेव्हा घरच चाकांवर घालून न्यायचं ठरलं. एक छोटी गाडी घ्यायची, तिच्या पाठीवर पलंग, शेगडी आणि खिडकी असलेली खोली बांधायची, मागे पेट्यांचा ट्रेलर जोडायचा आणि पूर्ण फुलोरा पोरींबरोबर काढायचा. बायकोने त्या दिवशी पडद्याचं कापडसुद्धा काढून ठेवलं.

आता खोली काय, कुठलाही सुतार बांधून देईल. प्रश्न होता चॅसीचा, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याचा. इंजिन, चाकं आणि ज्यावर सगळा भार बसतो ती पोलादी चौकट. ती चुकली की वरचं सगळं चुकलं. काटेवाल्याने आयुष्यभर घाटातून येणारी वाहनं बघितली होती. ब्रेकमधून धूर काढत उतरणारे ट्रक बघितले होते. एकदा त्याच्या खिडकीसमोरून एक गाडी न थांबता सरळ खालच्या शेतात गेली होती. तो म्हणायचा, "चढण गाडीची परीक्षा घेते, उतार माणसाची. जाताना पेट्या रिकाम्या. येताना मधाने भरलेल्या. म्हणजे उतरतानाच मागचं ओझं जास्त. नाकापेक्षा मोती जड झाला, तर ट्रेलर गाडीला ढकलत दरीत नेईल."

हे सगळं बरोबर होतं. या माणसाचं सगळं बरोबरच असायचं, तेच तर दुखणं.

शहराच्या टोकाला जुन्या गाड्यांचा एक व्यापारी होता. त्याच्याकडे एक बुटकी गाडी तयार उभी होती. पाठीवर छोटीशी खोली बांधलेलीच होती, पलंग होता, टेबल भिंतीत मिटायचं. पुढची चाकं ओढणारी चॅसी, त्यामुळे तळ जमिनीच्या जवळ. बायको एका पावलात आत गेली, पलंगावर बसली, खिडकी उघडून बघितली. तिचे गुडघे तेव्हा कुरकुरायला लागले होते.

"ही घेऊ या," ती म्हणाली. "चढायला किती सोपी आहे."

"पुढची चाकं ओढतात हिची," तो बाहेरून वाकून खाली बघत म्हणाला. "मागे ट्रेलर जोडला की गाडीचं बूड दबतं आणि नाक हलकं होतं. ओल्या चढावर पुढची चाकं नुसती फिरतील."

"मग या वर्षी पेट्या त्या ट्रकवाल्याकडे देऊ. आपण दोघंच जाऊ."

"आणि पुढच्या वर्षी? घाई कशाला? एकदाच घ्यायची, ती नीट बघून घेऊ."

बायकोने खिडकी पुन्हा लावली. व्यापाऱ्याने ती गाडी पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या कोणाला विकली. तो उन्हाळा चॅसी बघण्यात गेला. चारही चाकं ओढणारी एक बघितली, ती डिझेल फार पिणारी निघाली. मागच्या बाजूला जोडचाकं असलेली एक बघितली, तिचा रंग उडाला होता म्हणून नव्हे, तर चौकटीला जोड दिलेला होता म्हणून सोडली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. पेट्या भाड्याच्या ट्रकमधून वर गेल्या आणि बायको अंगणातल्या रिकाम्या जागेकडे बघत बसली.

चॅसी कुठलीही असो, ती किती भार पेलणार हे आधी ठरवायला हवं, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी घरातली प्रत्येक वस्तू मोजायला हवी. निवृत्तीच्या दिवशी काट्याच्या मालकाने त्याला एक जुना प्लॅटफॉर्मचा काटा, तपासणीच्या वजनांसकट, भेट दिला होता. खाली लोखंडी पाट, उभा खांब आणि वर दांडीवर सरकणारं वजन. तो अंगणातल्या शेडमध्ये उभा होता. त्यावर गादी मोजली, भांडी मोजली, पाण्याचे डबे मोजले. आणि एके सकाळी त्याने बायकोला हाक मारली.

"आता मलाही माल म्हणून मोजणार?"

"माल सगळ्यात महत्त्वाचा. उभी राहा, हलू नकोस."

बासष्ट किलो. त्याने खडूने वगैरे लिहिलं नाही; आकडे त्याच्या डोक्यात राहायचे. खरं तर त्याला काट्याचीही फार गरज नव्हती. तरुणपणी काटा तपासायची लोखंडी वजनं उचलून उचलून त्याचे हात असे तयार झाले होते, की मधाची पेटी नुसती उचलली तरी तो पाव किलोच्या फरकाने वजन सांगायचा. पण बायकोला कोण उचलून बघतं? लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा बायकोचं नाव घेतो तेच पुष्कळ.

पानगळ सुरू झाली तेव्हा त्याने पुन्हा सगळं मोजलं, कारण मधल्या काळात गादी बदलली होती. बायको अंगावर लोकरीचा जाड स्वेटर घालून आली. बासष्ट. थंडी ओसरल्यावर पुन्हा मोजलं. बासष्ट. पुढच्या उन्हाळ्यात ती पहाटेचा गारवा सोसत नाही म्हणून तोच स्वेटर घालून आली, काट्यावर जरा जपून चढली, श्वास धरून उभी राहिली, आणि दांडी जिथल्या तिथे.

"तुझ्यासारखा माल सगळ्यांनी दिला असता, तर मी केस काळे असतानाच निवृत्त झालो असतो," तो खुशीत म्हणाला. तिने "बघा हं" एवढंच म्हटलं आणि काट्यावरून उतरून शेडच्या दाराला धरून थोडा वेळ उभी राहिली.

लेक लांब राहायची. ती त्या उन्हाळ्यात चार दिवस आली आणि दारातच थबकली. "आई, किती वाळलीस तू."

"वाळली कसली," काटेवाला म्हणाला. "बासष्ट. परवाच मोजलंय."

लेकीने आईकडे बघितलं. आई म्हणाली, "वय झालं की चेहरा उतरतो गं. वजन तिथंच राहतं." बापाच्या काट्यापुढे लेक काय बोलणार? लहानपणापासून त्या घरात काट्याने सांगितलं की वाद संपायचा. आणि रोज दिसणारं माणूस हळूहळू कमी होत गेलं, तर घरातल्यांना ते दिसतच नाही.

अखेर चॅसी मिळाली. तो उन्हाळाही तोवर सरला होता, पेट्या भाड्यानेच वर जाऊन आल्या होत्या. पण मिळाली ती अशी, की काटेवाला तिच्याभोवती नव्या नवऱ्यासारखा फिरत होता. मागची चाकं ओढणारी, मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं, चौकट सलग, गिअर असे की इंजिनच्या जोरावर अख्खा घाट उतरावा आणि ब्रेकला पाय कमी लावावा. अजून नुसती केबिन होती, मागे उघडी चौकट. दोष एकच, ती उंच होती. केबिनच्या दाराचा उंबरठा बायकोच्या कमरेपर्यंत येत होता.

तिने दाराची मूठ धरून बघितली, एक पाय उचलला आणि खाली ठेवला. "उचलून बसवा की मला," ती म्हणाली.

तो हसला. "बासष्ट किलो. माझ्या कमरेची चॅसी तेवढी पेलत नाही आता."

"नाही पेलवायचं?" तिने विचारलं. ती हसत नव्हती, पण त्याचं लक्ष चाकांकडे होतं.

"थांब, खोकं आणतो."

तो मधाचं रिकामं खोकं घेऊन आला. ती त्यावर पाय देऊन, त्याच्या खांद्याला धरून वर गेली. मग दोघं अंगणात उभ्या असलेल्या गाडीत शेजारी शेजारी बसले. समोर कुंपणाची भिंत होती. "चला, लागला घाट," ती म्हणाली. त्याने खोटा खोटा गिअर टाकला. तिने त्याला वळणं सांगितली, कुठे झरा आहे, कुठे गाडी थांबवून पाणी प्यायचं. ती कधी वर गेलेली नव्हती. ट्रकवाल्याकडून ऐकून तिने सगळं पाठ केलेलं होतं. चहा आणायलाही ती उतरेना. त्या संध्याकाळी ती फार आनंदात होती, आणि हे त्याला पुढे जन्मभर पुरलं, आणि जन्मभर टोचलंही.

दुसऱ्या दिवसापासून तो पायरीच्या मागे लागला. घडी होणारी, लोखंडी, दार उघडलं की खाली उतरणारी. उंची मोजली, तिच्या पावलाची लांबी मोजली, तिला पुन्हा एकदा काट्यावर उभं केलं. बासष्ट किलोचा भार धरून पट्टी जाड घेतली. पायरी बसवून झाली त्याच आठवड्यात बायको पेट्यांमध्ये काम करताना खाली बसली आणि तिला उठता येईना.

हॉस्पिटलमध्ये परिचारिकेने तिला तिथल्या काट्यावर उभं केलं. पन्नास.

"तुमचा काटा बिघडलाय," काटेवाला म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी वर बघितलं. "यांचं वजन आधी किती होतं?"

"बासष्ट. आणि आधी म्हणजे काय, गेल्याच पंधरवड्यात बासष्ट होतं. मी स्वतः मोजलंय. ही माझी आयुष्यभराची नोकरी आहे, बाई. तुमचा काटा तपासून घ्या."

"असेल बिघडलेला," बायको पलंगावरून म्हणाली. "तुम्ही आपला एकदा तपासून या ना."

आणि हा शहाणा खरोखर गेला. तिला तिथे सोडून घरी गेला, शेडमध्ये तपासणीची वजनं एकेक करून पाटावर ठेवली, दांडी बघितली. काटा चोख होता. भेटीची वेळ संपता संपता तो धापा टाकत परत आला आणि विजयाने म्हणाला, "आपला बरोबर आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. मग तिने त्याला जवळ बसवून सांगितलं. तिला दुखणं गेल्या पानगळीपासूनच ठाऊक होतं. ती एकटी येऊन इथल्याच दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून गेली होती. बरं होण्यासारखं ते नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही गाडी टाकून दवाखाने धरले असते. मला दवाखाना नको होता. मला गाडी हवी होती."

"तर मग मला घाई तरी करायचीस."

त्या बुटक्या गाडीचं नाव तिने काढलं नाही, हे तिचं मोठेपण. त्याला ते त्याच क्षणी आठवलं, ही त्याची शिक्षा. तो तिचा हात धरून बसून राहिला. तरीही डोक्याच्या एका कोपऱ्यात बासष्ट आणि पन्नास यांचा हिशेब जुळत नव्हता, आणि तो म्हणत राहिला की इथला काटा बिघडलाय. तेवढी एक गोष्ट तरी त्याला खोटी हवी होती.

थंडी संपायच्या आत ती गेली.

लेक आईचे कपडे आवरायला थांबली. कपाटाच्या तळाशी तो जाड स्वेटर घडी करून ठेवलेला होता. लेक तो उचलायला गेली आणि तो तिच्या हातून निसटला. जमिनीवर पडताना लोकर वाजते का? हा वाजला.

"बाबा, इकडे या."

स्वेटरच्या आत, कमरेच्या जागी, पट्टा शिवलेला होता आणि पट्ट्याला चार पिशव्या. कापड पडद्याचं, चाकांवरच्या घरासाठी काढून ठेवलेलं. पहिली पिशवी लहान, बाकीच्या हळूहळू मोठ्या होत गेलेल्या. पहिल्या पिशवीची शिवण घरच्यासारखी बारीक होती. चौथीचे टाके वेडेवाकडे होते, हाताला बळ नसताना घातलेले. काटेवाल्याने एक उसवली. आत शिसं. टायरवाले चाकाचा तोल साधायला ज्या पट्ट्या लावतात, त्या काढून टाकलेल्या पट्ट्यांचे तुकडे.

तो टायरच्या दुकानात गेला. टायरवाला म्हणाला, "हो, काकू न्यायच्या ना. म्हणायच्या, पेट्यांची झाकणं वाऱ्याने उडतात, दाबायला हवंय. मी म्हटलं, दगड ठेवा की. तर म्हणाल्या, दगड काकांना दिसतात." टायरवाल्याने विचारलं, "का हो, उडायची थांबली का झाकणं?"

"थांबली," काटेवाला म्हणाला.

घरी येऊन त्याने चारही पिशव्या काट्यावर ठेवल्या. बारा किलो. हॉस्पिटलचा काटा बरोबर होता. त्याचाही बरोबर होता. पाटावर जे उभं होतं त्याचं वजन बासष्टच होतं. ज्या युक्त्या त्याने ट्रकवाल्यांच्या पकडल्या होत्या, त्याच त्याने रोज जेवताना तिला शिकवल्या होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या सीटखाली शिसं शोधलं. तो शेडमध्येच खाली बसला आणि रडला, लेक दारात उभी असतानाही रडला.

उन्हाळा काही कोणासाठी थांबत नाही. खालची फुलं सुकली, माश्या पेट्यांच्या तोंडाशी नुसत्या घोटाळायला लागल्या. लेक फोनवर म्हणाली, ट्रकवाल्याला सांगा. त्याने सांगितलं नाही. गाडीवर खोली बांधलेली नव्हती, नुसती केबिन आणि उघडी चौकट. त्याने मागे ट्रेलर जोडला, पेट्यांची दारं जाळीने बंद केली आणि पहाटेच निघाला.

वजनकाट्याच्या खिडकीत आता दुसरा माणूस होता. त्याने ओळखीचा हात केला आणि जा म्हणाला. पुढे घाट लागला. डोंगरावर आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता, रस्ता ओला होता. पहिल्या मोठ्या वळणावर चढ एकदम उभा झाला आणि काटेवाल्याच्या मनात आलं, घसरू दे. एकदा तरी घसरू दे, म्हणजे म्हणता येईल की निवड चुकली होती, इतका विचार करूनही चुकलीच असती, मग ती बुटकी घेतली असती काय आणि ही घेतली काय. पण जोडचाकांनी रस्ता घट्ट धरला. ट्रेलर मागून मुकाट येत राहिला. एका वळणावर झरा होता, ती म्हणाली होती तिथेच. पुढच्या प्रत्येक वळणावर गाडी तशीच चालली. निवडीत कणभरही चूक नव्हती.

वर कुरण होतं, आणि फुलं. त्याने पेट्या उतरवून वाऱ्याला आडोसा बघून मांडल्या, जाळ्या काढल्या. माश्या आधी चालत बाहेर आल्या, मग उडाल्या. तो गाडीकडे परत आला. का कोण जाणे, तो आपल्या बाजूला न जाता दुसऱ्या बाजूला गेला आणि ते दार उघडलं. पायरी आपोआप खाली आली आणि गवतात टेकली. ती बसवल्यापासून तिच्यावर कोणाचं पाऊल पडलं नव्हतं. त्याने हाताने दाबून बघितली. पक्की होती. बासष्ट किलो सहज पेलली असती.

एवढ्या पायरीची गरजच नव्हती. खोक्याचीही नव्हती. ती म्हणाली होती, उचलून बसवा की मला. तेव्हा तिच्या अंगावर तो स्वेटर नव्हता, हे त्याला आता आठवलं. साधी सुती साडी होती आणि तिने हात पुढे केले होते. त्या दिवशी त्याने एकदा तिला उचललं असतं, तर त्याच्या हातांना कळलं असतं.